‘घुसखोर’ : एका शासकीय वाचनाची समीक्षा

अर्थ संहितेत असतो की वाचक तो घडवितो, हा वाद मराठी समीक्षेत बहुधा कविता आणि कादंबरी यांच्या संदर्भात झाला. ज्या वाचनाच्या परिणामी हाडामांसाचा माणूस सरहद्दीपलीकडे पाठविला जातो, ते वाचन मात्र या चर्चेच्या कक्षेत क्वचितच आले. बेकायदा स्थलांतरिताचा शोध ही मूलतः अर्थनिर्णयनाची क्रिया आहे. येथे शासनयंत्रणा वाचक असते. बोली, नाव, वस्ती आणि कागद ही चिन्हे असतात. ‘घुसखोर’ हा त्यांतून काढलेला अर्थ असतो. या वाचनाच्या प्रामाण्याचे निकष कोणते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेचाही ठरतो.

मुंबईच्या उपनगरांनी सरहद्द ओलांडून आलेल्यांसाठी दोन संज्ञा वापरल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती मुलुंड, चेंबूर येथे उभ्या राहिल्या; त्यांना ‘निर्वासित’ म्हटले गेले. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांच्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक मानली. तिच्यानंतर आलेल्यांना नोंदणी करणे आवश्यक झाले. हा भेद कोणाला कठोर वाटेल. पण तो लिखित होता, सर्वांना ज्ञात होता आणि कोणाच्या उच्चारावर अवलंबून नव्हता. ‘घुसखोर’ या संज्ञेचा व्यवहार निराळा आहे. कायद्याच्या परिभाषेत ‘परकीय’ असतो, ‘घुसखोर’ हा लोकभाषेतला शब्द; त्यात हेतूचा आरोप आधीच गृहीत धरलेला असतो.

जुलै १९९८ मधील घटना या दृष्टीने बोलकी आहे. शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत मुंबईत पकडलेल्या संशयित बांगलादेशींना कुर्ल्याहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने नेले जात असता, पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांपैकी काहींना सोडविले. अशा कारवायांत सापडलेल्यांमध्ये जरीकाम करणारे कारागीर होते. मुंबईत ज्या बोलीने त्यांना परके ठरविले, तीच बोली उलुबेरियात ते आपले असल्याची खूण ठरली. स्टॅन्ले फिश यांनी मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची संकल्पना याहून ठळकपणे क्वचितच प्रत्ययास येईल. तथापि जमावाचे वाचन खरे आणि पोलिसांचे खोटे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुराव्याची तपासणी जमावानेही केली नव्हती.

बोली हे प्रदेशाचे चिन्ह असते, नागरिकत्वाचे नव्हे. मुर्शिदाबादची आणि राजशाहीची बोली पद्मा नदीशी थांबत नाही. बेळगाव-निपाणीची मराठी ऐकून बोलणाऱ्याचे राज्य ठरविता येत नाही, हे मराठी अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. त्यात पोलिसी जबाबाचा रूपबंध विचारात घ्यावयास हवा. बंगाली बोलणाऱ्याचे कथन मराठीत, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिले जाते आणि ‘वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या ठराविक वाक्याने संपते. येथे निवेदक ‘मी’ असतो, परंतु भाषा त्याची नसते. दुभाष्याविना घेतलेल्या अशा प्रथमपुरुषी निवेदनाला पुरावा मानणे धोक्याचे आहे.

मग कागद तरी निर्णायक आहेत काय? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ बाळगल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे म्हटले. बनावट कागदांचा व्यवहार पाहता ही सावधगिरी अनाठायी नाही. १९४६ च्या परकीय व्यक्ती कायद्याने नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार संबंधित व्यक्तीवर टाकला होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला. परंतु सिद्ध करण्याचा भार तेव्हाच अर्थपूर्ण ठरतो, जेव्हा सिद्ध करावयास अवधी आणि ऐकणारा असतो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि त्या राज्याने हस्तक्षेप केल्यावर परत आणावे लागले. पडताळणी येथे कृतीच्या आधी नव्हे, नंतर झाली.

गोरेगावच्या फिल्मिस्तानात आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम केलेले सआदत हसन मंटो जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले. त्यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेत दोन सरकारे वेड्यांची देवाणघेवाण करतात. त्या कथेतील शोकात्म आशय केवळ क्रौर्यातून निर्माण होत नाही. सारे काही याद्या, गाड्या, अधिकारी यांसह नियमानुसार चाललेले असते; फक्त ज्याच्याविषयी निर्णय झाला, त्याच्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नसते.

परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच मान्य केला आहे. त्याविषयी वाद नाही. वाद ‘परकीय कोण’ या त्याआधीच्या वाक्याविषयी आहे. समीक्षकाचे चुकीचे वाचन पुढचा समीक्षक दुरुस्त करू शकतो; नदीपलीकडे ढकललेल्या माणसाला ही सोय बहुधा नसते. म्हणून मूळ राज्याकडून पडताळणी, स्वभाषेत जबाब, कारणांसह लेखी आदेश आणि दुसऱ्या वाचकाकडे, म्हणजे न्यायालयाकडे, जाण्याइतका अवधी या चार गोष्टी गाडी सुटण्यापूर्वी घडावयास हव्यात. त्यांच्या अभावी शासन जे करते, त्यास अर्थनिर्णयन म्हणता येत नाही. तो केवळ अर्थाचा आरोप होय.