खिडकीबाहेरची ‘मी’

हरवलेल्या प्रेमाच्या गीतातला ‘मी’ बहुधा मागे उरलेल्याचा असतो. गेलेली व्यक्ती गीताबाहेर असते आणि तिची अनुपस्थिती हेच गीताचे द्रव्य ठरते. केट बुश या इंग्लिश गायिका-गीतकार स्त्रीची ‘वदरिंग हाइट्स’ ही पहिली एकल ध्वनिमुद्रिका (जानेवारी १९७८) हा संकेत उलटा करते. येथे बोलते ती गेलेली व्यक्तीच. एमिली ब्राँटी हिच्या १८४७ च्या कादंबरीतील मृत कॅथरिन खिडकीबाहेरून हीथक्लिफला साद घालते. या उलथापालथीमुळे गीतातील ‘मी’ कोणाचा, हा वरवर साधा प्रश्न पुन्हा विचारणे भाग पडते.

ज्या गीतप्रकारात ही रचना अवतरली, त्याची भिस्त आत्मनिष्ठेवर होती. कॅरल किंग आणि जोनी मिचेल यांच्या १९७१ मधील गीतसंग्रहांनंतर स्वतःचे शब्द, स्वतःचा गळा आणि स्वतः वाजवलेला पियानो यांचा अर्थ ‘कबुलीजबाब’ असा घेण्याची श्रोत्यांना सवय जडली होती. १९७७ च्या मार्चमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पियानोवर रचलेले हे गीत त्या सवयीला दाद देत नाही. शब्द तिचे, गळा तिचा, पण ‘मी’ परक्याचा. मराठी वाचकाला हा परकायाप्रवेश अनोळखी नाही. विराणीत पुरुष कवी विरहिणीच्या मुखाने बोलतो, आणि तेथे कोणी कवीचे चरित्र शोधत बसत नाही. मात्र विराणीतील विरहिणी उंबऱ्याच्या आत वाट पाहते, तर या गीतातील विरहिणी बाहेरून दार ठोठावते. विरहाची दिशाच बदललेली आहे.

ही दिशा कादंबरीशी ताडून पाहिल्यास गीताचे खरे कर्तृत्व ध्यानात येते. कादंबरीत कॅथरिनची हाक हीथक्लिफ ऐकतच नाही. ती ऐकतो लॉकवूड, हिमवर्षावामुळे त्या घरात रात्रीपुरता अडकलेला एक भाडेकरू. तो दचकतो, फुटलेल्या काचेवर तिचे मनगट घासतो आणि नंतर आपल्या दैनंदिनीवजा निवेदनात तो प्रसंग स्वप्न म्हणून नोंदवतो. कादंबरीतील बाकीचे बहुतेक वृत्त नेली डीन या जुन्या मोलकरणीकडून कळते. म्हणजे मृत स्त्रीचा आवाज वाचकापर्यंत येतो तो परक्यांच्या साक्षीतून गाळून. गीताने हे दोन्ही निवेदक काढून टाकले. परिणामी खिडकीच्या आतली जागा रिकामी झाली आणि श्रोता नकळत त्या जागी, हीथक्लिफच्या जागी, जाऊन बसला. रूपांतर म्हणजे मूळ संहितेचा संक्षेप, ही समजूत येथे तोकडी पडते. हे मूळ संहितेचे वाचन आहे. कादंबरीने जे संबोधन भलत्याच पत्त्यावर पोहोचवले, ते गीताने योग्य पत्त्यावर धाडले.

या संबोधनात नावाला महत्त्व आहे. कादंबरीत आकृती स्वतःची ओळख ‘कॅथरिन लिंटन’ अशी, सासरच्या नावाने देते. खिडकीच्या फळीवर ‘अर्नशॉ’ हे नाव आपण कितीतरी अधिक वेळा वाचले होते, याचे लॉकवूडलाही नवल वाटते. गीतातील स्त्री केवळ ‘कॅथी’ आहे. माहेरचे आडनाव नाही, सासरचेही नाही. ज्या घराला ती आपले म्हणते, त्यावर हक्क सांगण्यासाठी तिच्याजवळ कोणतेच कुलनाम उरलेले नाही, उरले आहे ते फक्त लाडके नाव.

लॉकवूडला खिडकीत दिसतो तो चेहरा लहान मुलीचा असतो, हेही विसरून चालणार नाही. बुशचा अतिउच्च, किंचित अनुनासिक स्वर अनेकांना विक्षिप्त वाटला. पण संहितेच्या अंगाने पाहता तो त्या बालमुखाचा स्वर आहे. १९८६ च्या ‘द होल स्टोरी’ या संकलनासाठी तिने हेच गीत नव्याने गायले. शब्द तेच, चाल तीच, पण आवाज भरदार आणि प्रौढ. तेथे एक कुशल गायिका कॅथीविषयी गाताना ऐकू येते, स्वतः कॅथी नव्हे. गळा हा संहितेचाच घटक असतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण क्वचितच मिळेल.

संगीताची घडणही हाच उंबरठा उभा करते. कडवे ए मेजरमध्ये, पेटीवाल्यांच्या भाषेत ‘पांढरी सहा’मध्ये, सुरू होते. त्याच्या स्वरमेळांची उतरती मालिका ‘काळी एक’च्या मेजर मेळापर्यंत जाते. कडव्यात हा मेळ आगंतुक असतो, पण धृपदात हीच ‘काळी एक’ षड्जाची जागा घेते. जो स्वर आधी घराबाहेरचा, तोच नंतर घर होतो. ‘मी घरी आले आहे’ हा धृपदातील दावा स्वररचनेने अगोदरच मांडलेला असतो. धृपदातील मात्रांची मोजणी मात्र एकसारखी राहत नाही. घर सापडले तरी पाऊल स्थिरावत नाही.

या गीतावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. कादंबरीतील मालमत्ता, वारसा, हीथक्लिफची हीन सामाजिक स्थिती, त्याने उगवलेला सूड आणि दुसरी पिढी यांतले काहीच येथे नाही. संघर्षाची मुळे कापून केवळ भावनेचे फूल उचलले, असे म्हणता येईल. दूरचित्रवाणीवरील रूपांतराचा शेवटचा भाग पाहून हे गीत सुचले, हे लक्षात घेता आक्षेपाला बळही मिळते. तथापि, गीताने प्रेमाला गोंडस केलेले नाही. आरंभीच दोघांच्या स्वभावातील दाह आणि मत्सर यांची कबुली आहे. प्रियकर क्रूरही आहे आणि स्वामीही. शिवाय ती केवळ आत येऊ इच्छित नाही, तिला त्याचा आत्मा हिरावून न्यायचा आहे. कादंबरीतील हिंस्रता सामाजिक संदर्भातून सुटली असली, तरी लुप्त झालेली नाही. ती विनवणीच्या पोटात दडली आहे.

मार्च १९७८ मध्ये हे गीत ब्रिटिश विक्रीयादीत पहिल्या स्थानी पोहोचले आणि चार आठवडे तेथे राहिले. स्वतः लिहिलेले गीत गाऊन ते स्थान मिळवणारी बुश ही पहिलीच स्त्री. या घटनेकडे स्त्रीच्या आत्माविष्काराचा विजय म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण हा विजय तिने आत्मकथन नाकारून मिळवला, हे त्यात निसटता कामा नये. स्त्रीने लिहिले म्हणजे स्वतःविषयीच लिहिले, या गृहीतकाला तिच्या पहिल्याच एकल ध्वनिमुद्रिकेने छेद दिला.

कादंबरीत हीथक्लिफ धावत येऊन खिडकी उघडतो तेव्हा बाहेर कोणीच नसते. पुढे त्याचा मृत्यू होतो तोही उघड्या खिडकीशी. गीताच्या अखेरीस कॅथीचे शब्द संपतात, विद्युत गिटार ती हाक निःशब्दपणे पुढे नेते आणि ध्वनी विरत जातो. खिडकी उघडली की नाही, हे गीत सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार बाहेरच्या ‘मी’ला नाहीच, तो आत बसलेल्याला आहे. आणि आत आता श्रोता आहे.