मौनी शेजारी : आमिशांविषयीच्या कथावाङ्मयाचा एक विचार

दोन भिन्न आचारांचे समाज एकाच रस्त्याच्या दोन अंगांना पिढ्यान्‌पिढ्या राहत असले, म्हणजे त्यांच्यात तंटे व्हावयाचेच. आणि तंटे झाले म्हणजे त्यांच्या कथाही व्हावयाच्या. परंतु कथा सांगणारा जेव्हा नेहमी एकाच पक्षाचा असतो आणि दुसरा पक्ष फिर्याद करीत नाही, साक्षीला उभा राहत नाही, कादंबरी तर बहुधा लिहीतच नाही, तेव्हा त्या कथेच्या सत्यतेची परीक्षा कशी करावयाची? अमेरिकेतील आमिश आणि त्यांचे ग्रामीण शेजारी यांच्याविषयी विसाव्या शतकात जे वाङ्मय निर्माण झाले, त्याच्या निमित्ताने हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

आमिश हा ॲनाबॅप्टिस्ट पंथाचा एक फाटा होय. प्रौढ वयात समजून-उमजून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा, असे मानणारी ही चळवळ १५२५ मध्ये झुरिच येथे उदयास आली. आणि १६९३ मध्ये याकोब आमान याने शिस्तीच्या, विशेषतः व्रतभंग करणाऱ्याशी व्यवहार तोडण्याच्या, प्रश्नावरून वेगळी वाट धरली. युरोपातील छळाला कंटाळलेली ही कुटुंबे अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या अवघी काही हजार होती. आज ती चार लाखांच्या घरात आहे. घोड्याची बग्गी, साधा पोशाख, घरात विजेची तार नसणे ही त्यांची बाह्य लक्षणे सर्वपरिचित आहेत. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाची लक्षणे वेगळी आहेत. ते शस्त्र धरीत नाहीत, शपथ घेत नाहीत, कोर्टकचेरी शक्यतो टाळतात, आणि स्वतःला पुढे करणे हा दोष समजतात. एका व्यक्तीचे वेगळेपण मोलाचे मानण्याच्या ज्या वृत्तीतून कादंबरी जन्माला येते, त्या वृत्तीलाच त्यांच्या आचारात फारसा थारा नाही. शिवाय बहुतेक आमिश घरी पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलतात, उपासनेत जुनी जर्मन वापरतात, आणि इंग्रजी त्यांना शाळेसाठी व शेजाऱ्यासाठी लागते. म्हणजे इंग्रजी ही त्यांच्या लेखी व्यवहाराची, आणि प्रसंगी तंट्याची, भाषा. त्यांच्याविषयीचे ललित वाङ्मय मात्र जवळजवळ सगळे याच शेजाऱ्याच्या भाषेत आहे.

भाषांतर करू पाहणाऱ्याला ही विषमता पहिल्या पानावरच अडविते. आमिश माणूस आपल्या पंथाबाहेरच्या शेजाऱ्याला ‘इंग्लिश’ म्हणतो. मग तो शेजारी आयरिश वंशाचा असो की स्विस. मराठीत ‘इंग्रज’ लिहावे, तर आपल्या राज्यकर्त्यांचा सारा इतिहास वाक्यात शिरतो. ‘परका’ लिहावे, तर शब्दातले शेजारपण नाहीसे होते. ‘मायडुंग’ या त्यांच्या बहिष्काराच्या संज्ञेचेही तसेच. ‘वाळीत टाकणे’ हा आपला शब्द हाताशी आहे. पण त्याच्यामागे जातपंचायत उभी असते. ज्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम केला, ती माणसाला बहुधा त्याच्या जन्मावरून बांधते. आमिशांचा बहिष्कार, निदान तत्त्वतः, ज्याने प्रौढपणी स्वतः व्रत घेतले आणि मोडले त्याच्यापुरता असतो. त्याची कठोरता यामुळे कमी होत नाही. पण तिचे स्वरूप बदलते. एक शब्द चुकला, की वाचकाचा निकाल कथा सुरू होण्यापूर्वीच लागतो. शब्दानेच निकाल लावून टाकण्याचे हे काम मूळ इंग्रजी कथांनीही पुष्कळ केले आहे.

या परंपरेच्या आरंभी हेलन रायमेनस्नायडर मार्टिन यांचे नाव घ्यावे लागते. लँकेस्टरमध्ये जन्मलेल्या या लेखिकेची ‘टिली : अ मेनोनाइट मेड’ ही कादंबरी १९०४ मध्ये प्रसिद्ध झाली, पाठोपाठ १९०५ मध्ये आमिशांवरील ‘सबायना’ आली. या कादंबऱ्यांतील शेतकरी बाप हा कंजूष, अरसिक आणि मुलीला बिनपगारी मजूर समजणारा आहे. पात्रांच्या तोंडची मोडकी इंग्रजी अशा रीतीने लिहिली आहे, की वाचकाने प्रथम हसावे आणि मग तुच्छतेने मान हलवावी. ज्यांची मातृभाषा वेगळी आहे त्यांची परभाषेतील अडखळण हेच त्यांच्या बुद्धीचे माप ठरविणे, हा पूर्वग्रहाचा अत्यंत सोपा आणि अत्यंत परिणामकारक प्रकार होय.

तथापि मार्टिनबाईंना केवळ द्वेष्ट्या म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या कैवारी होत्या. टिलीला वाचावयाचे आहे आणि बाप वाचू देत नाही, ही त्या कादंबरीतील व्यथा खोटी नाही. लेखिकेचा प्रश्न खरा आहे. पण उत्तर देणारे पात्र तिने माणूस म्हणून घडविलेच नाही. जो बाप केवळ दुष्टच आहे त्याच्याविरुद्ध बंड करण्यात मुलीला कसलाच आंतरिक झगडा उरत नाही, आणि झगडा उरत नाही म्हणून कादंबरीही उरत नाही. उरते ती तक्रार.

या व्यंगचित्रांना उत्तर म्हणून १९४० मध्ये जोसेफ डब्ल्यू. योडर यांचे ‘रोझॅना ऑफ द आमिश’ हे पुस्तक आले. योडर आमिश घरात जन्मले व वाढले होते, परंतु पुढे त्या समाजाच्या चौकटीत राहिले नव्हते. आपल्या आईचे चरित्र त्यांनी कथारूपाने सांगितले. रोझॅना ही आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक दांपत्याची मुलगी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली, आणि शेजारच्या एका अविवाहित आमिश स्त्रीने त्या तान्ह्या मुलीला आपल्या घरी नेले. मुलगी आमिश म्हणून वाढली व आमिश तरुणाशी विवाहबद्ध झाली. रचनेच्या दृष्टीने हे पुस्तक सैल आहे. लग्न, उपासना, शेतीची कामे यांची वर्णने पुष्कळदा कथेला थांबवून येतात. कटुतेचे प्रसंग लेखक हलक्या हाताने झाकतो. प्रतिवादासाठी लिहिलेल्या ग्रंथात जो गुळगुळीतपणा येतो, तो येथेही आहे. परंतु एका गोष्टीत हे पुस्तक आपल्या साऱ्या सोबत्यांहून वरचढ आहे. त्याचा आरंभ आचारांच्या भिन्नतेपासून होत नाही, तर शेजाऱ्याच्या गरजेपासून होतो. एका घरात मूल रडते आहे आणि दुसऱ्या घरातील बाई उठून जाते. धर्माचा विचार मागाहून येतो. शेजार म्हणजे काय, हे येथे व्याख्येवाचून कळते.

आता प्रत्यक्षातील तंट्यांकडे वळले पाहिजे, कारण कथेने काय वगळले हे त्यांवाचून कळणार नाही. आयोवा राज्यातील हेझल्टन या गावाचा शाळाविभाग शेजारच्या ओलवाइनच्या मोठ्या विभागात विलीन करावा की नाही, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या साठीच्या आरंभी मतदान झाले. पुष्कळ गावकऱ्यांना आपली शाळा गमवावयाची नव्हती. आमिशांची मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. आपण हरलो ते यांच्यामुळे, ही सल गावात राहिली. पुढे आमिशांच्या एकखोली शाळांतील शिक्षकांजवळ सरकारी प्रमाणपत्रे नाहीत, हा मुद्दा उपस्थित झाला. १९ नोव्हेंबर १९६५ रोजी मुलांना गावच्या शाळेत नेण्यासाठी अधिकारी बस घेऊन आले, आणि मुले मक्याच्या शेताकडे धावत सुटली. त्या क्षणाचे छायाचित्र देशभर छापले गेले. लोकमत आमिशांच्या बाजूस झुकले आणि १९६७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्यांना सवलत दिली.

छायाचित्र खरे आहे; परंतु ते अपुरे आहे. त्यात पळणारी मुले आहेत, मागे धावणारी सत्ता आहे. पण ज्याची स्वतःची लहान शाळा गेली तो हेझल्टनचा गावकरी नाही. आमिशांना जे राखावयाचे होते, म्हणजे घराजवळची, ओळखीच्या माणसांची शाळा, नेमके तेच या गावकऱ्याने गमावले होते. दोघांचे दुःख एक होते, आणि तेच त्यांच्या वैराचे कारण झाले. एवढा मोठा कादंबरीचा विषय समोर असता कादंबरीकारांनी त्याकडे पाठ फिरवावी, याचे आश्चर्य वाटते.

विस्कॉन्सिनमधील न्यू ग्लॅरस येथील तंटा याहून प्रसिद्ध आहे. १८४५ मध्ये स्विस स्थलांतरितांनी वसविलेले हे गाव. म्हणजे ज्या देशातून आमिशांच्या पूर्वजांना पळावे लागले, त्याच देशाच्या वंशजांच्या शेजारी हे आमिश येऊन राहिले होते. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविल्याबद्दल तीन पालकांवर १९६८ मध्ये खटला भरण्यात आला आणि पुढे प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. वादाच्या मुळाशी केवळ तत्त्व नव्हते. शाळेचे सरकारी अनुदान पटावरील संख्येवर अवलंबून होते, आणि आमिश मुले पटावरून कमी झाली की ते घटत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७२ मध्ये निकाल आमिशांच्या बाजूने लागला.

सरन्यायाधीश बर्गर यांचे निकालपत्र वाङ्मय म्हणूनही वाचण्याजोगे आहे, कारण त्यात एक व्यक्तिचित्र आहे. आमिश हे कष्टाळू, स्वावलंबी, कायदा पाळणारे. जेफर्सनच्या आदर्श शेतकऱ्याची आठवण करून देणारे. थोरोप्रमाणे कोणी केवळ व्यक्तिगत तत्त्वज्ञानाच्या बळावर समाजापासून दूर राहू लागला, तर त्याला हे संरक्षण मिळणार नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. निर्णय उदार आहे, यात शंका नाही. परंतु या चित्रात मार्टिनबाईंचा दुष्ट बाप नाहीसा होऊन त्याच्या जागी साधुपुरुष उभा राहिला आहे, आणि साधुत्वावर आधारलेला हक्क हा साधुत्व टिकेल तोवरचाच असतो, ही शंका मनातून जात नाही. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत देताना विचारले, की पालकांचे ऐकले. मुलांना काय हवे आहे ते कोणी विचारले? टिलीचा प्रश्न अडुसष्ट वर्षांनी न्यायासनावरून पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी त्याच्याबरोबर उपहास नव्हता.

रंगभूमीने व चित्रपटाने साधुपुरुषाचेच चित्र उचलले. १९५५ च्या ‘प्लेन अँड फॅन्सी’ या संगीत नाटकात न्यूयॉर्कचे जोडपे बर्ड-इन-हँड गावी येते आणि प्रेक्षक त्यांच्या डोळ्यांनी आमिशांकडे कौतुकाने पाहतो. १९८५ मधील पीटर वेअर यांचा ‘विटनेस’ हा चित्रपट कलादृष्ट्या पुष्कळ श्रेष्ठ आहे. त्यात गावातील काही टवाळ पोरे आमिशांची छेड काढतात, आणि आमिश वेषात लपलेला शहरी पोलीस त्यांतील एकाला ठोसा देतो. प्रेक्षकगृह सुखावते. विचार केला तर हे सुख प्रेक्षकाचे आहे, आमिशांचे नव्हे. जे करण्यास त्यांचा धर्म मनाई करतो, ते आपण त्यांच्या वतीने करून घेतो. दिग्दर्शकाला याची जाणीव असावी, कारण त्याच ठोशामुळे पोलिसाचा ठावठिकाणा शत्रूला कळतो. चित्रपटाच्या शेवटी घंटा वाजते, शेजारची आमिश माणसे निःशस्त्र येऊन उभी राहतात आणि केवळ त्यांच्या पाहण्याने बंदूक खाली येते. हा प्रसंग श्रेष्ठ आहे. परंतु ती टवाळ पोरे कोण, कोणाची, त्यांना राग कशाचा, हे चित्रपट विचारीत नाही.

हा प्रश्न न विचारण्याची किंमत प्रत्यक्षात काय असते, ते इंडियानातील ॲडम्स कौंटीत १९७९ मध्ये दिसून आले. रात्री घरी परतणाऱ्या एका आमिश कुटुंबाच्या बग्गीवर चालत्या गाडीतून काही भिरकावण्यात आले आणि आईच्या मांडीवरील सात महिन्यांची मुलगी दगावली. फेकणारे त्याच परिसरातले तरुण होते. अशा भिरकावण्याला तेथे करमणूक समजत, आणि आमिशांसाठी त्यांच्या तोंडी ‘मातीतले माकड’ अशा अर्थाचे एक हेटाळणीचे नावही रूढ होते. कुटुंबाला सूड नको होता. या घटनेवर आधारलेला ‘अ स्टोनिंग इन फुल्हॅम कौंटी’ हा दूरदर्शनपट १९८८ मध्ये आला. त्याचे नाट्य पित्याने साक्ष द्यावी की नाही, या पेचावर उभे आहे आणि पेच खरा आहे. साक्ष द्यावी तर पंथाची शिस्त आड येते. न द्यावी तर पुढच्या बग्गीतील मुलाचे काय? आमिशांचे मौन हे केवळ पावित्र्य नाही, त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, हे येथे प्रथमच नीट दिसते.

तरीही या दूरदर्शनपटाचे लक्ष मौन पाळणाऱ्यावर आणि त्याला बोलते करू पाहणाऱ्या वकिलावर आहे. दगड उचलणाऱ्या हातावर नाही. हेटाळणीचे नाव एका रात्रीत रूढ होत नाही. ते जेवणाच्या टेबलावर, दुकानाच्या पायरीवर, वडीलधाऱ्यांच्या कुरकुरीत तयार होते. जमिनीचे भाव यांच्यामुळे चढले, यांच्या घोड्यांच्या नालांनी रस्ता उखडला, यांच्या बग्गीला अंधारात दिवा पुरेसा नाही, अशी ती कुरकुर असते. यांपैकी काही तक्रारी साधार आहेत. संथ वाहनाचा त्रिकोणी फलक लावण्यास काही कर्मठ आमिशांनी नकार दिला, तेव्हा मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९० मध्ये परावर्तक पट्टी व कंदील हा मधला मार्ग मान्य करावा लागला. रस्त्यावर मोटार चालविणाऱ्याची भीती खोटी नव्हती, आणि झगझगीत रंग नाकारणाऱ्याची श्रद्धाही खोटी नव्हती.

१९९७ मध्ये बेव्हर्ली लुइस यांच्या ‘द शनिंग’ने ज्या लोकप्रिय प्रेमकथांना वाट करून दिली, त्यांत तर शेजारी जवळजवळ लुप्तच झाला आहे. उरले आहे ते दूरच्या वाचकाचे स्वप्न. तुच्छतेपासून भक्तीपर्यंतचा हा प्रवास प्रगतीचा वाटला, तरी दोन्ही टोकांना एकच उणीव आहे. तुच्छता माणसाला आपल्या खाली ठेवते आणि भक्ती वर. शेजारी मात्र समोरच्या घरात राहतो, त्याच्याशी बांधावरून वाद होतो आणि पावसाळ्यापूर्वी त्याच्याकडूनच शिडी आणावी लागते.

म्हणून अशा वाङ्मयाची कसोटी मी सहानुभूतीच्या प्रमाणावरून ठरविणार नाही. ज्या कलाकृतीत शेजाऱ्याची तक्रार कधीकधी बरोबर ठरू शकते आणि तरीही त्याने उचललेला दगड एका क्षणासाठीही बरोबर ठरत नाही, ती खरी. या कसोटीला पूर्णतः उतरणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. योडर यांचे सैल, गोड, सदोष पुस्तक तिच्या सर्वांत जवळ जाते. आणि आपल्या भाषांत या विषयावरील एकच ग्रंथ आणावयाचा झाला, तर तो हाच आणावा, असे माझे मत आहे.