झपाटलेले घर आणि कुलूपबंद घर

मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीच्या धुवाधार पावसात, नारायण धारपांची (१९२५–२००८) ‘लुचाई’ पुन्हा वाचली. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’चे ऋण तिच्यावर आहे, तरी भीती उसनी वाटत नाही. धारप आधी रोजचे साधे जगणे उभे करतात, मगच त्यात अंधार सोडतात. रत्नाकर मतकरींच्या बऱ्याच गूढकथांत भूत वास्तूपेक्षा माणसाच्या मनातच दबा धरून असते.

आमच्या भागात ही पुस्तके शोधावी लागतात. कुठल्या वाचनालयात, कुणा पाहुण्याच्या ट्रंकेत. पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिले. शेजारच्या घराला कुलूप. पोरे पोटासाठी बेळगावला, गोव्याला. झपाटलेल्या घरात निदान कोणीतरी वावरते! वाचकहो, न उघडलेले मराठी पुस्तकही असेच कुलूपबंद घर. किल्ली मुलांच्या हाती द्या. घाबरली तरी चालतील.