पाटणे येथील शहामृगाचे कवच : पुराव्याचे वाचन आणि त्याच्या मर्यादा

चाळीसगावजवळील पाटणे हे गाव मराठी अभ्यासकांना भास्कराचार्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेखामुळे परिचित आहे. याच परिसरात एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा उपलब्ध झाला. त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. समांतर रेषांच्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा, एवढेच त्यावरील रेखाटन. भारतीय कलेच्या इतिहासात मात्र त्याला आद्य स्थान मिळाले.

हे स्थान अनाठायी नाही. भारतात अन्यत्र मिळालेल्या बहुतेक 'कोरीव' कवचांवरील खुणा नैसर्गिक झिजेच्या आहेत, असे रॉबर्ट बेडनारिक यांनी दाखवून दिले. त्या चिकित्सेतून पाटण्याचा तुकडा टिकला. तथापि एका तुकड्यावरून समग्र 'कलापरंपरा' कल्पिणे हा अतिरेकच होय.

असाच अतिरेक पक्ष्याच्या वंशाविषयीही आढळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात कवचाच्या पाच नमुन्यांपैकी एकातून जनुकीय क्रम मिळाला, तोही केवळ ४३ घटकांचा. आफ्रिकी शहामृगाशी त्याचे साम्य ९२ टक्के. भारतात शहामृग होता, या मताला त्यातून दुजोरा मिळतो. परंतु खंड विलग झाल्यामुळेच या पक्ष्यांचे वंश निराळे झाले, हा त्याच लेखातील निष्कर्ष एवढ्या आधारावर पेलत नाही. येथे मादागास्करच्या नामशेष 'हत्तीपक्ष्यां'चे उदाहरण बोलके आहे. उडता न येणाऱ्या या महाकाय पक्ष्यांच्या कुळाचे सर्वांत जवळचे आप्त शेजारच्या आफ्रिकेतील शहामृग नसून दूरच्या न्यूझीलंडमधील किवी असल्याचे २०१४ मध्ये सिद्ध झाले. त्यांचे पूर्वज उडत गेले असावेत, असाच त्याचा अर्थ लावला जातो.

पाटण्यातच मिळालेल्या कवचाच्या मण्यांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. वास्तविक मण्याला अर्थ चिकटवावा लागत नाही. कवच फोडणे, घासून गोल करणे, मधोमध भोक पाडणे ही कृती त्यात प्रत्यक्ष दिसते. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळरानाचा पक्षी. तेव्हा खानदेशच्या तत्कालीन निसर्गाविषयीही हे मणी रेखाटनापेक्षा कमी सांगत नाहीत.