बेकार पोराची जबानी

ख्रिस्तोफर नोलनचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा ‘फॉलोइंग’ (१९९८). १६ मिलिमीटर, कृष्णधवल, ७० मिनिटं, खर्च सुमारे ६,००० डॉलर. नट नोकरी करणारे दोस्त, म्हणून शूटिंग शनिवारी, वर्षभर. फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर, टेक एक-दोनच. उजेड बहुतेक खिडकीचा. प्रस्थापित समीक्षक याला शैली म्हणतील. आम्ही काटकसर म्हणतो, आणि चोरांच्या गोष्टीला ती शोभली.

गोष्ट बघा. लंडनमधला बेकार, लेखक व्हायला निघालेला पोरगा अनोळखी माणसांच्या मागं फिरतो. कॉब नावाचा टापटीप चोर त्याला घरफोडीत ओढतो. शेवटी पोरगा पोलिसाला खरं सांगतो, तर तीच जबानी त्याच्या गळ्याचा फास होते. खून त्याच्या अंगावर, कॉब गर्दीत गडप. मुख्य पात्रांत पात्रयादीनं नाव दिलं फक्त चोराला. पोरगा नुसता ‘तरुण’, मेलेली बाई नुसती ‘सोनेरी केसांची’.

इथवर जोरकस. पण बेकारी ही कथानकाची सोय राहते, पोटाचा प्रश्न होत नाही.

दोस्तहो, पैशावाचून सिनेमा अडत नाही असं कुणी ऐकवलं, तर त्याला एवढंच विचारा : रोजंदारीवाल्याला शनिवार कुठला?