लग्नाआधी बरी होणारी माणसे

अमेरिकेतल्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरीकडे समीक्षक फारसे फिरकत नाहीत. बाजारू, बाळबोध, प्रचारकी अशी तीन विशेषणे लावली की त्यांचे काम संपते. मला ही उपेक्षा अन्यायाची वाटते. मोडून पडलेले माणूस पुन्हा उभे कसे राहते, हा प्रश्न या कादंबरीने पहिल्यापासून उराशी धरला आहे, आणि तिच्या असंख्य वाचकांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया आहेत, तो प्रश्न स्वतःचा वाटतो. इतक्या मोठ्या प्रश्नाला हात घालणाऱ्या लेखनाची परीक्षाही तितकीच कसून व्हायला हवी. यातली माणसे खरोखर बरी होतात, की शेवटच्या प्रकरणात लग्न ठरलेले आहे म्हणून बरी केली जातात?

या प्रकाराचे आजचे रूप १९७९पासून धरले जाते. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ त्या वर्षी बेथनी हाउसने काढली. नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते, आणि तिच्या पोटात मूल असते. क्लार्क डेव्हिस हा विधुर तिच्यापुढे एक व्यवहार ठेवतो. त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी आहे, मार्टीला आसरा हवा आहे. नावापुरते लग्न करायचे, आणि वसंतात पूर्वेकडे जाणारा काफिला आला की तिची इच्छा असल्यास परतीचे भाडे तो देणार. मार्टीला स्वयंपाक येत नाही. सुरुवातीला ती प्रत्येक जेवणाला पॅनकेकच करते, आणि क्लार्क मुकाट्याने खातो. ओक यांनी दुःखाची वर्णने केली नाहीत, ते चुलीपाशी दाखवले. श्रद्धाही तशीच येते, जेवणाआधीच्या क्लार्कच्या प्रार्थना ऐकता ऐकता. संवादांतली गावरान बोली पुष्कळदा ओढूनताणून आणलेली वाटते. तरी दुःख निवळायला जेवढे दिवस लागतात तेवढे ओक यांनी मार्टीला दिले, आणि कादंबरी टिकली ती त्यामुळेच.

पुढे बाजार वाढला. हार्लेक्विनने १९९७ साली ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिकाच सुरू केली. झॉन्डरव्हन आणि थॉमस नेल्सन या जुन्या ख्रिस्ती प्रकाशनसंस्था आज हार्परकॉलिन्सच्या छत्राखाली आहेत. त्याबरोबर साचा पक्का झाला. शिवी नको, शय्यागृहाचे दार बंद, नायक किंवा नायिका देवाकडे वळलेली आणि शेवट सुखाचा. यातल्या सोज्वळपणावर टीका करण्यात मला रस नाही, मर्यादा पाळून थोर लेखन झालेले आहे. माझी तक्रार सुखाच्या सक्तीबद्दल आहे.

फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ हे तिचे ठळक उदाहरण. १९९१मध्ये बँटमने ती प्रसिद्ध केली, १९९७मध्ये सुधारून मल्टनोमाहने पुन्हा काढली आणि २०२२मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची आणि त्याच्या व्यभिचारी पत्नीची कथा रिव्हर्स यांनी १८५०च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीत नेली आहे. लहानपणीच विकली गेलेली एंजल वेश्यागृहात वाढते. मायकल होझिया हा शेतकरी देवाची आज्ञा मानून तिच्याशी लग्न करतो. ती पळते, तो आणतो, ती पुन्हा पळते.

या कादंबरीचे सर्वात खरे पान प्रेमाचे नाही. रात्रीच्या अंधारात एंजल थंडगार ओढ्यात बसून खड्यांनी अंग घासत राहते, कातडी सोलवटेपर्यंत. कोणी कितीही क्षमा केली तरी स्वतःच्या देहाची शिसारी जात नाही, हे रिव्हर्स यांना नेमके कळले आहे. शेवटी एंजल आपणहून निघून जाते, तीन वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहते आणि स्वतःसारख्या मुलींसाठी आश्रय उभा करते. तिथे ती कोणाची तरी पत्नी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या बळावर सावरते. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. पण उपसंहार येतो, आणि मूल होणार नाही अशी शस्त्रक्रिया जिच्यावर लादली गेली होती तिला मुले होतात! इथे रिव्हर्स यांचा हात सुटला. वांझपणासह एंजल पूर्ण स्त्री आहे, हे सांगण्याचे धैर्य कादंबरीने मिळवले होते, ते चमत्काराच्या हवाली केले. मायकलबद्दलही माझा आक्षेप आहे. तो जवळजवळ कधीच चुकत नाही. मरणाच्या दारात, अर्धवट शुद्धीत असलेल्या बाईकडून लग्नाला होकार घेणे यात काही गैर आहे, हा प्रश्न त्याला फारसा टोचत नाही.

या साऱ्याच्या आधी, १९६७ साली, कॅथरिन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ आली होती. १९१२मध्ये टेनेसीच्या डोंगरांतल्या मिशनशाळेत शिकवायला गेलेली तरुणी, एक धर्मोपदेशक आणि नील मॅकनील हा अश्रद्ध डॉक्टर, असा तिचा पट आहे. इथे आजार हे निमित्त नसून परिसराचेच अंग आहे. डोळे घालवणारा खुपऱ्यांचा रोग, घाण पाणी, विषमज्वराची साथ हे सारे त्यात आहे. क्रिस्टीने जिला अक्षरे शिकवली ती जिवलग मैत्रीण फेअरलाइट त्याच तापाने जाते. प्रार्थना झालेल्या असतात, तरी ती जाते. त्यानंतर क्रिस्टी देवाशी भांडते, आणि मार्शल तिला लगेच गप्प करत नाहीत. ख्रिस्ती कथासाहित्याच्या वार्षिक पुरस्काराला १९९९पासून याच कादंबरीचे नाव आहे. तो मिळवणाऱ्या सगळ्यांनी फेअरलाइटचे मरण पुन्हा वाचावे, इतके ते प्रामाणिक आहे.

अलीकडच्या लेखिका मेहनती आहेत, संशोधन करतात. जोडी हेडलंड यांची ‘द डॉक्टर्स लेडी’ (२०११) घ्या. नायिकेला धर्मकार्यासाठी भारतात यायचे असते. अविवाहितेला मंडळ पाठवत नाही, म्हणून ऑरेगॉनला निघालेल्या डॉक्टरशी ती नावापुरते लग्न करते. प्रवासाचे तपशील भरघोस आहेत. ज्यांच्यावरून हे बेतले ते मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन १८३६ साली खरोखर गेले होते. त्यांची दोन वर्षांची एकुलती मुलगी नदीत बुडाली. १८४७मध्ये गोवराची साथ आली तेव्हा डॉक्टरांच्या हाताखालची गोरी मुले बहुधा वाचली आणि तिथल्या मूळच्या कायूस जमातीची मुले मेली. औषधात विष आहे असा संशय बळावला आणि नोव्हेंबरअखेर पतिपत्नींसह अनेक जण मारले गेले. १८५०मध्ये पाच कायूस पुरुष फासावर गेले. श्रद्धा आणि उपचार यांच्यावरची सर्वात अवघड कादंबरी या घटनांत आहे, आणि प्रेमकथेचा साचा तिच्या अलीकडेच थांबतो. बरे करायला गेलेल्यांच्या हातून काय घडले आणि ज्यांच्या भूमीवर ते गेले त्यांनी काय सोसले, हे या प्रकारातल्या बहुतेक पुस्तकांनी अजून लिहिलेलेच नाही.

व्हिटमन यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड आपल्याकडे नवखे नाही. त्याचे मिशनरी १८१३मध्ये मुंबईत पोचले, १८३१मध्ये अहमदनगरला. सिंथिया फेरार यांना तर त्याने १८२७ साली अविवाहित असतानाच मुंबईला पाठवले होते. आपल्या भाषेतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ख्रिस्ती माणसानेच लिहिली. ती विधवांच्या दुःखाची आहे, आणि यमुनेचा पुनर्विवाहही तीत आहे. उपदेश पानोपानी असला तरी केशवपनाच्या कथा आजही अंगावर येतात. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र तर धर्मांतराने तुटलेल्या आणि पुन्हा सांधलेल्या संसाराची हकिगत आहे. १८९५मध्ये त्यांचे पती टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी. कोणाच्याही हातचे पाणी पिण्यापर्यंत त्या आल्या तो मनाचा प्रवास इतका सावकाश, इतका खरा उतरला आहे की ओक आणि रिव्हर्स दोघींना त्यातून शिकता आले असते.

एवढा वारसा असूनही या विषयावरची ऐतिहासिक कादंबरी मराठीत विरळाच. नगरच्या मिशनशाळा आहेत, १८९४पासूनचे मिरजेचे मिशन रुग्णालय आहे, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. मराठी लेखकांनी, विशेषतः ख्रिस्ती घरांतून आलेल्या तरुण लेखिकांनी, ही सामग्री हाती घ्यावी. प्रेम जरूर लिहावे, श्रद्धाही निःसंकोच लिहावी. मात्र वॉर्डातला एखादा रोगी प्रार्थनेनंतरही दगावला, तर त्याला वाचवण्यासाठी कथानक वाकवू नये.