‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

जोसेफ वायझेनबाउम यांचे ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हे पुस्तक १९७६ साली निघाले. संगणकावरील पुस्तके लवकर शिळी होतात; हे झालेले नाही.

१९६६ साली एम.आय.टी.च्या या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवालीचे, म्हणजे पु. लं.च्या ‘ती फुलराणी’तील मंजुळेच्या मूळ रूपाचे. युक्ती साधी होती. टंकलेल्या वाक्यातला ठरावीक शब्द पकडायचा, ‘माय’चे ‘युअर’ करायचे आणि वाक्य परत पाठवायचे. अर्थ यंत्राला कळत नसे. तरीही, हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी यंत्राशी दोन-चार वाक्ये बोलताच त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले! अशा यंत्राकडून मानसोपचार करून घेता येतील, असे काही डॉक्टरही म्हणू लागले, तेव्हा लेखक हादरले. लोकांची दुःखे ऐकणे हेच ज्यांचे काम, त्या आम्हांला तो धक्का समजतो.

यंत्राला आपण ‘स्मृती’ आणि ‘भाषा’ हे शब्द उसने दिले. आता स्वतःच्या मनाविषयीही यंत्राच्याच शब्दांत विचार करू लागलो, हा त्यांचा आक्षेप. हिशेब वेगळा, विवेक वेगळा, ही त्यांची फारकत आम्हांला पटते. सहकाऱ्यांवर चिडून लिहिलेल्या पानांत मात्र तोल सुटला आहे.

मराठी वाचकाने येथे थोडी भर घालावी. ‘माझी आई रागावली’ असे मराठीत टंकले, तर यंत्राने ‘तुझी आई’ म्हणावे, की ‘तुमची’, की ‘आपली’? ‘कधीपासून जेवला नाहीस’ विचारावे, की ‘जेवली नाहीस’? इंग्रजीतील एकटा ‘यू’ हा सारा पेच गिळून टाकतो. आपली भाषा मात्र समोर कोण आहे याचा विचार तोंड उघडण्यापूर्वीच करायला लावते. (अर्थात ‘जेवण झाले का?’ असे विचारून तो टाळण्यात आपणही तरबेज आहोत.)

आजची मराठी बोलणारी यंत्रे बहुधा सर्वांनाच ‘तुम्ही’ म्हणतात, शाळकरी पोरालाही. त्यात सभ्यता आहे. नाते ओळखल्याची खूण नाही. वायझेनबाउम २००८ साली वारले. ही यंत्रे त्यांनी पाहिली नाहीत.

संगणकाच्या रचनेवरील दुसरे आणि तिसरे प्रकरण जड आहे, ते ओलांडले तरी चालेल. प्रस्तावना मात्र सोडू नये. सचिव बाईंची हकीगत तिथेच आहे.